भिंत ओळंब्यात नाही

गुरुवार, २ मार्च १९७८

आज कंपनीची सुट्टी. जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. जर्मनीत आमच्या हरिहरबरोबर काम करणारा जयसिंग म्हणून एक मुलगा सुट्टीवर चिंचवडला आलाय, त्यानं हरिहरनं दिलेलं एक खोकं आणून दिलं. चहा घेतला आणि गेला. हरिहर कसा आहे, ते कुसुमनं विचारलं. मी रिक्षाचं भाडं विचारलं.

खोक्यात सिनेमाचा छोटा प्रोजेक्टर. फिनिशिंग उत्तम, एकाही कडेला धार राहिलेली नाही. सोबत तळहाताएवढं फिल्मचं रीळ. त्याच्या डबीवर हरिहरच्या अक्षरात ‘ती. बाबांस’. कुसुमनं ते तीनदा वाचलं.

“अहो, तुम्हाला पाठवलंय त्यानं! तुम्हाला!”

“वाचता येतं मला,” मी म्हटलं.

वही नवी आहे म्हणून मागची नोंद पुन्हा करून ठेवतो. हरिहर आमचा एकुलता एक. आमच्याच कंपनीत अप्रेंटिस होता. शेवटच्या परीक्षेत त्यानं केलेला जॉब, म्हणजे यंत्राचा सुटा भाग, तपासणीला माझ्याच टेबलावर आला. व्यास चार शतांश मिलिमीटरनं जास्त. मी नाकारलेल्या मालाचा लाल रंग लावला. दुसऱ्या कुणाचा असता तरी लावलाच असता. पोरगा नापास झाला, कायम व्हायची संधी गेली. घरी येऊन एवढंच म्हणाला, “बाबा, तुमच्या टेबलावर मी परत येणार नाही.” आणि पुण्यात जर्मन शिकून तिकडे निघून गेला. याला तीन वर्षं झाली. पत्रं सगळी आईला. शेवटी मार्जिनमध्ये तिरक्या अक्षरात ‘ती. बाबांना सा. न.’ तेवढा माझा वाटा.

माझी काही चूक नाही. चार शतांश म्हणजे चार शतांश.

कुसुमचं म्हणणं, आत्ताच्या आत्ता लावा. मी म्हटलं, आधी सेटिंग. वाकड्या पडद्यावर मुलगा वाकडाच दिसणार. एक-दोन दिवसांचं तर काम आहे.

रविवार, ५ मार्च

माहितीपुस्तक जर्मनमध्ये आहे. चित्रांवरून एवढं कळलं की प्रोजेक्टरची नजर पडद्यावर काटकोनात पडली पाहिजे. हे मला चित्र न बघताही सांगता आलं असतं.

पहिली पाळी संपवून येताना पिंपरी कॅम्पात उतरलो आणि गवंड्याचा ओळंबा विकत घेतला. कंपनीतली लेव्हल आणता आली असती, गेटवर सगळे ओळखीचे आहेत. पण कंपनीचं हत्यार घरी आणणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.

बैठकीच्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीला ओळंबा लावला आणि थक्क झालो. भिंत वरच्या बाजूला अकरा मिलिमीटर मागे झुकलीय! दोन वर्षं आम्ही या घरात राहतोय, या भिंतीला टेकून जेवतोय, पाहुण्यांना बसवतोय. मी तांबड्या खडूनं भिंतीवर फुली मारली.

“आता काय घर पाडायचं?” कुसुम म्हणाली.

पाडायचं नाही. पडदा वेगळा लावायचा.

गुरुवार, ९ मार्च

आज सुट्टी म्हणून भर दुपारी काम काढलं. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला, पडदा म्हणून पांढरी चादर टांगली आणि रीळ न लावता नुसता प्रोजेक्टरचा दिवा सुरू केला. चादरीवर उजेडाचा चौकोन पडायला हवा होता. पडलं सुपासारखं काहीतरी, वर रुंद आणि खाली अरुंद. मोजलं. वरची कड चौऱ्याण्णव पूर्णांक दोन सेंटिमीटर, खालची अठ्ठ्याऐंशी. प्रोजेक्टर खाली टेबलावर असल्यामुळे तो मान वर करून बघतोय आणि वरचा भाग पसरतोय.

टेबलावर पाट ठेवला, पाटावर डबा, डब्यावर प्रोजेक्टर. आता वरखालचं जमलं, तर चौकोन एका अंगाला कलला. फरशीला मोरीच्या बाजूला उतार आहे म्हणे. पाणी जायला तो लागतोच, असं कुसुम म्हणाली. पाणी जायला लागत असेल, मला तो नडतो. टेबलाच्या एका पायाखाली दोन पोस्टकार्डं घातली, मग एक काढलं, मग अर्धं फाडून घातलं.

शेजारचे उद्धवराव आवाज ऐकून आले. हे मूळचे बीडकडचे, आमच्याच कंपनीत असेंब्लीला. माणूस सज्जन, पण अंदाजपंचे काम करणारा. असेंब्लीवाले सगळे तसेच, नाही बसलं की हातोडी.

“साहेब, पोरगं कुठाय यात?”

“रीळ अजून लावलेलं नाही. आधी चौकोन.”

“मंग आता काय बघू लालोत आपन?”

“काटकोन,” मी म्हटलं.

उद्धवराव पाच मिनिटं अतिशय आदरानं काटकोन बघत बसले.

शुक्रवार, १० मार्च

दूध घालायला निगडी गावठाणातून अंबुबाई येतात. आज दारातच विचारलं, “दादा, दिसलं का ल्योक?”

म्हटलं, तयारी चाललीय.

“म्हंजी अजून न्हाई? मंग काल दुपारभर घोंगड्या लावून काय केलं?”

कुसुम आतून म्हणाली, “दिवा लावून भिंत बघितली.”

“आवं, भिंत तर बिनदिव्याची बी दिसती की!”

या बाईंना समजावून सांगण्यात अर्थ नाही. दूध मात्र चोख असतं, मी लॅक्टोमीटर लावून बघितलंय.

गुरुवार, १६ मार्च

आज मोठी फजिती झाली. खोटं कशाला लिहू?

डब्यावर प्रोजेक्टर डगमगायचा म्हणून तो परत नुसत्या टेबलावर घेतला, आणि त्याची मान पुन्हा वर झाली. उद्धवरावांची कल्पना अशी, की प्रोजेक्टर मान वर करतो ना, तर पडद्यानं मान खाली घालावी. म्हणजे पडद्याची वरची कड पुढे ओढायची. कल्पना शास्त्रोक्त आहे, मला आधी सुचली नाही याचं जरा वाईट वाटलं. चादरीच्या वरच्या कडेला काठी शिवली, काठीला सुतळी, आणि सुतळी खोलीच्या मधोमध असलेल्या पंख्याच्या दांड्याला बांधली. अडीच तास मोजून मोजून कोन आणला. वरची कड नव्वद, खालची नव्वद. एका केसाचा फरक नाही! मला इतका आनंद झाला की मी उद्धवरावांचा हात हातात घेतला.

घोंगड्यांमुळे खोलीत भट्टी झाली होती. उद्धवराव घाम पुसत म्हणाले, “लई उकडू लालंय बगा साहेब,” आणि बटण दाबलं.

पंख्यानं आधी सुतळी घेतली, मग काठी, मग चादर. काठी कपाटाला एकदा, उद्धवरावांच्या पाठीला एकदा आणि मला दोनदा लागली. चादर पंख्यावर पागोट्यासारखी गुंडाळली गेली. कुसुम दारात उभी राहून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिचं एवढं हसू तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

मंगळवार, २१ मार्च

सुतळी आता खिडकीच्या गजाला बांधलीय. चारही कोन तपासले. चारही बरोबर. चौकोन हा शंभर टक्के चौकोन आहे.

कुसुम पदराला हात पुसत येऊन बसली. मी रिळाची डबी हातात घेतली. ‘ती. बाबांस’. तेवढ्यात मुंबई रस्त्यानं एक ट्रक गेला आणि चौकोन थरथरल्यासारखा वाटला. मी डबी खाली ठेवली. म्हटलं, कंपनांचा बंदोबस्त केल्याशिवाय लावणं बरोबर नाही. टेबलाच्या पायांखाली रबर घालावं लागेल.

“कुठं थरथरला? मला नाही दिसला.”

“तुझ्या डोळ्यांना नाही दिसायचा.”

कुसुमनं डबीवरची अक्षरं पुन्हा वाचली. मग म्हणाली, “तुम्हाला बघायचंच नाहीये त्याला.”

हे साफ खोटं आहे. रबरी चकत्या उद्या भोसरीहून आणतो.

बुधवार, २२ मार्च

साफ खोटं आहे.

सोमवार, २७ मार्च

रबर बसवलं. ट्रक गेला तरी चौकोन ढिम्म. आता पालीचा प्रश्न आहे. ती दिव्याला येणारे किडे खायला पडद्यावर येते.

उद्धवराव म्हणाले, “साहेब, एक इचारू का? दिवा रोज दोन-दोन घंटे जाळू लालात. त्याला काही आयुष्य असंल का न्हाई?” मी म्हटलं, जर्मन माल आहे. असेंब्लीवाल्यांनी क्वालिटीला शिकवू नये.

कुसुम माझ्याशी कामापुरतं बोलते. आज आमटीत मीठ जास्त होतं, आणि मी काही बोललो नाही.

आता हे लिहूनच टाकतो, नाहीतरी वही कोण वाचतंय? समजा रीळ लावलं आणि त्यात तो माझ्याकडे रागानं बघत असला तर? पत्र असतं तर घडी घालून खिशात ठेवता येतं. पडद्यावर दोन फुटी मुलगा सगळ्यांसमोर रागानं बघायला लागला तर मी काय करू? किंवा वाळला असेल. किंवा मजेत असेल, अगदी मजेत, आमच्याशिवाय. यातलं काय बघायला मला जास्त भीती वाटते ते मला ठरवता येत नाही.

उद्या पालीसाठी मोरपीस लावणार आहे.

गुरुवार, ६ एप्रिल

मोरपिसाचा उपयोग नाही.

कुसुमनं आज निकाल दिला. “परवा पाडवा आहे. संध्याकाळी मी सगळ्यांना बोलावलंय. उद्धवराव, त्यांची प्रभावती, अंबुबाई. पडदा उभा असो, आडवा असो, नाहीतर तुमचा तो ओळंबा भिंतीवर डोकं आपटून घेवो. मी माझा मुलगा बघणार आहे. तुम्हाला नसेल बघायचं तर बाहेर ओट्यावर बसा.”

“रीळ ओवायचं कसं ते माहितीये का तुला?”

“तुम्ही पहिल्या पाळीला जाता तेव्हा मी त्या पुस्तकातली चित्रं बघितलीत. शिलाई मशीनसारखंच आहे. वरून घ्यायचं, खालून काढायचं.”

महिनाभर मी काटकोन करत होतो आणि ही दोरा ओवत होती!

शनिवार, ८ एप्रिल, पाडवा

सकाळी गुढी उभारली. गुढीची काठी जरा कललेली होती, ती मी तशीच राहू दिली याची कुणीतरी दखल घ्यायला हवी होती. नवा पांढरा नेहरू शर्ट घातला, कडक इस्त्रीचा.

सातला मंडळी जमली. उद्धवराव, त्यांच्या मिसेस प्रभावती, आणि अंबुबाई नवं लुगडं नेसून सगळ्यात पुढे. मी म्हटलं, एकदा शेवटचं तपासतो, आणि ओळंबा घेऊन पडद्यासमोर उभा राहिलो. कुसुमनं माझी वाट बघितलीच नाही. रीळ ओवून तयार होतं. तिनं दिवे घालवले आणि बटण दाबलं.

मी दचकून मागे सरलो आणि पाय सुतळीत अडकला. खिडकीच्या गजाची गाठ सुटली (गाठ उद्धवरावांची!) आणि महिनाभराची माझी मेहनत काठीसकट खाली आली. मी पडदा उचलायला वळणार, तोच कुसुम ओरडली,

“हलू नका!”

“अगं, पण पडदा…”

“हलू नका म्हणते ना! हरी तुमच्या अंगावर आहे!”

खाली बघितलं तर माझ्या शर्टावर रंगच रंग हलत होते. डोळ्यांवर उजेड येत होता, मला कळेना काय आहे. समोरची सगळी मात्र माझ्या पोटाकडे डोळे फाडून बघत होती.

“अगं बाई, दाढी ठेवलीय!” प्रभावतीबाई म्हणाल्या.

“साहेब, जरा टाचा उचला. त्याचं कपाळ तुमच्या नाकावर गेलंय.”

मी टाचा उचलल्या.

“आन् श्वास नका घिऊ,” अंबुबाई म्हणाल्या. “तुमी श्वास घेतला की पोरगं फुगतंय.”

आता माणसानं श्वास घेऊ नये म्हणजे काय! तरी मी कोंडून धरला. “काय करतोय तो?” मी दात न उघडता विचारलं.

“स्वयंपाकघर आहे,” कुसुम म्हणाली. “पोळी लाटतोय. अरे देवा, कसली ती पोळी! आता चष्मा काढला खिशातून. नाकाच्या टोकावर लावला. आता…” आणि ती थांबली.

“आता काय?”

“पट्टी घेऊन पोळी मोजतोय.”

आणि सगळी हसायला लागली. उद्धवराव गुडघ्यावर हात मारून हसत होते. “साहेब, हुबेहूब तुमीच! ती मान! हॅ हॅ, नापास केली बगा पोळी! अन् आता खाऊ लाला तिला!”

माझा मुलगा लोकांना हसवू शकतो हे मी विसरलोच होतो. त्याला मलाही हसवायचं होतं, दोन हजार कोसांवरून, आणि मी एकटाच असा होतो की ज्याला ते दिसत नव्हतं. मला हसू आलं. शर्ट हलला.

“हलू नका हो,” कुसुम म्हणाली, पण तिचा आवाज वेगळा येत होता. ती उठून पुढे आली. “आता समोर बघतोय. थेट. रागावलेला नाहीये हो. अजिबात नाही. हात जोडले त्यानं. वाकला. तुम्हाला वाकून नमस्कार करतोय.” तिनं माझ्या छातीवर हात ठेवला, डाव्या बाजूला, जिथं बहुतेक त्याचा गाल असावा. मी हललो नाही. तीन वर्षांपूर्वी तो निघाला तेव्हा मी असं उभं राहायला हवं होतं.

मग नुसता पांढरा उजेड आला. रीळ तीन-साडेतीन मिनिटांचंच होतं.

“पुन्हा लावा,” मी म्हटलं. “मला बघायचंय.”

“पडदा बांधू का?” उद्धवराव म्हणाले.

“खड्ड्यात गेला पडदा. त्या भिंतीवर लावा. वाकड्या भिंतीवर. लवकर लावा.”

कुसुमनं रीळ उलटं गुंडाळलं, पुन्हा ओवलं. मी अंबुबाईंच्या शेजारी खाली बसलो. बटण दाबलं. भिंतीवर क्षणभर काहीतरी निळं आलं, टप् असा बारीक आवाज झाला आणि अंधार.

दिवा गेला होता.

उद्धवरावांनी दिव्याच्या आयुष्याचा विषय काढला नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. मी तिथंच बसून राहिलो. मी रडलो, ते अंधारात कुणाला दिसलं नसावं. अंबुबाईंनी मात्र पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “आसूं द्या दादा. आमी बघितलाय न्हवं. ब्येस हाय तुमचा ल्योक.”

गुरुवार, १३ एप्रिल

आज पुण्यात तपकीर गल्लीतली झाडून सगळी विजेच्या सामानाची दुकानं पालथी घातली. असा दिवा कुणाकडेच नाही. एकानं विचारलं, “किती तास जळला होता?” मी वहीतल्या नोंदींवरून बेरीज करून सांगितली. तो म्हणाला, “एवढे पिक्चर बघितले?”

घरी येऊन रिळाचं टोक खिडकीशी धरलं आणि माझं बारीक कामाचं भिंग लावलं. टिकलीएवढा हरिहर दिसला. दाढी खरंच आहे. किती मिलिमीटरचा ते मी मोजलं नाही. चित्रामागून चित्र सरकवत नमस्कारापर्यंत गेलो. दिसतो, पण हलत नाही.

दिवा जर्मनीहूनच मागवावा लागणार. कुसुम म्हणाली, मी लिहिते त्याला. म्हटलं, नको, तांत्रिक बाब आहे, मीच लिहितो. तीन वर्षांनी त्याला पत्र लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचवा हा असा झाला:

‘चि. हरिहर यास अनेक आशीर्वाद. प्रोजेक्टर पोचला. माल चांगला आहे. दिवा माझ्या हातून जळाला, दोष मालाचा नाही. बारा व्होल्ट, शंभर वॅट, दोन पायांचा. दिवा टपालानं पाठवू नये. काच नाजूक असते आणि वाटेत कोण कसं हाताळील याचा भरवसा नाही. हाती घेऊन यावा. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नये, स्वतःच्याच आणावा. फिल्म मंडळींना फार आवडली. पोळीचा आकार मला बघता आला नाही, परंतु चालण्यासारखा असावा. तुझे, बाबा.’

कुसुमनं वाचलं. “एवढंच?”

“एवढंच. मुद्द्याचं सगळं आलंय.”

तिनं कागद परत माझ्या हातात दिला आणि चहा टाकायला आत गेली. मी पुन्हा वाचून बघितलं. मग मार्जिनमध्ये, जिथं जागा होती तिथं, तिरकंच लिहिलं:

‘दिवा नाही मिळाला तरी ये.’